रणदिवेंची गोष्ट आता पुरे

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी ती गोष्ट येतेच. विवेक रणदिवे, मुंबईत वाढलेला मुलगा, अमेरिकेत जातो, टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी काढतो आणि पुढे आपल्या मुलीच्या बास्केटबॉल संघाचा कोच होतो. स्वतः हा खेळ कधी खेळलेला नाही. संघ रेडवूड सिटीचा, मुली बारा वर्षांच्या, बऱ्याचशा सिलिकॉन व्हॅलीत संगणकावर पोट भरणाऱ्यांच्या. ड्रिबल धड नाही, शूटिंग नाही, उंचीही नाही. रणदिवे विचारतात, समोरचा संघ आरामात बॉल घेऊन येईपर्यंत आपण मागे जाऊन वाट का बघायची? पूर्ण मैदानभर प्रेस करा, त्यांना बॉल आत टाकूच देऊ नका. आणि हा संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचतो. माल्कम ग्लॅडवेलने २००९मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये ही हकीकत लिहिली, २०१३मध्ये पुस्तकात घेतली, आणि तेव्हापासून ती आमच्या धंद्यातली सत्यनारायणाची पोथी झाली आहे. मॅनेजर सांगतो, स्टार्टअपवाला सांगतो, कॉलेजात मोटिव्हेशनल भाषण द्यायला आलेला पाहुणा सांगतो. आणि माणूस मराठी म्हटल्यावर आपल्याला ती आणखी गोड लागते.

मलाही लागली. इतकी की ती मी अकरा पोरींवर चालवून बघितली. म्हणून हे लिहिते आहे.

मी दारव्ह्याची. इंजिनियरिंग अमरावतीला केलं, तिथे कॉलेजच्या संघात होते, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर होते. आता काम पुण्याच्या कंपनीचं पण घरून, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप मिटून गावातल्या एका शाळेच्या मैदानावर जाते. सिमेंटचं कोर्ट, एक रिंग पुढे वाकलेली, बॉल चार, त्यातल्या एकात हवा टिकत नाही. मुली आठवी ते दहावीच्या. जिल्हा स्पर्धेला तीन आठवडे उरले होते आणि मी ते तीनही आठवडे फक्त प्रेस शिकवला.

प्रेस कसा चालतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बास्केट झाला की समोरच्या संघाला रेषेबाहेरून बॉल आत टाकायला पाच सेकंद मिळतात आणि अर्धी रेषा ओलांडायला आठ. या तेरा सेकंदांत तुम्ही अंगावर गेलात की घाबरलेला संघ बॉल हातात आणून देतो, तोही त्यांच्याच रिंगपासून चार पावलांवर. मग लेअप. म्हणजे दिसायला हा बचाव असला तरी कमकुवत संघासाठी तेच त्याचं आक्रमण असतं. रेडवूड सिटीचं हेच होतं. एकदा तर ते २५-० असे पुढे होते म्हणतात.

यवतमाळला आम्ही पहिले दोन सामने जिंकले. दुसऱ्यात समोरची पॉईंट गार्ड रडायला लागली आणि मला, खोटं कशाला बोलू, पराक्रम केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या सामन्यात समोर एक मुलगी होती जी डोक्यावरून लांब पास फेकायची. आमचा प्रेस एका पासात मेला. मग वेळ आली साध्या आक्रमणाची. समोर पाच जणी हात पसरून उभ्या, बॉल आमच्याकडे, आणि आमच्या पोरींना पुढे काय करायचं तेच माहीत नव्हतं. मी शिकवलंच नव्हतं. अख्ख्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा एकही बास्केट झाला नाही. परत येताना एसटीत एक जण माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाली, "ताई, तिन्ही मॅचमधी मले तं बॉलच नाही भेटला. उद्यापासून मी काऊन येऊ?" मी काहीतरी समजूत काढली. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही नाही.

त्यानंतर मी ग्लॅडवेलचा लेख पुन्हा नीट वाचला. जे फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही ते त्याच लेखात आहे. राष्ट्रीय स्पर्धेत रेफरीने प्रेसवर फाउलमागून फाउल द्यायला सुरुवात केली, रणदिवेंनी प्रेस मागे घेतला, आणि संघ हरला. अर्थातच हरला. प्रेस काढून घेतल्यावर हातात दुसरं काय होतं? दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे या 'खेळातलं काहीही न कळणाऱ्या' कोचच्या मदतीला रॉजर क्रेग हा अमेरिकन फुटबॉलमधला नामांकित खेळाडू होता, आणि त्याची मुलगी रोमेट्रा, जी कॉलेज बास्केटबॉल खेळलेली होती. 'अडाणी माणसाने तज्ज्ञांना हरवलं' हे वाक्य यानंतर तितकंसं खरं राहत नाही.

मला रणदिवेंवर राग नाही. आपल्या संघाला काय जमत नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे बघितलं आणि त्यावर इलाज शोधला. राग आहे तो इलाज उचलून स्वतःच्या रोग्याला न तपासता पाजणाऱ्यांवर, म्हणजे आधी माझ्यावरच. आम्ही इंजिनियर हे रोज करतो. दुसऱ्याचा कोड उचलायचा, आपल्या सर्व्हरवर टाकायचा, चालला की का चाललं ते विचारायचं नाही. सर्व्हर पडला तर रीस्टार्ट करता येतो एवढाच फरक.

गाळलेला भाग वाचल्यावर साहजिकच मी सल्ले शोधू लागले, आणि सल्ल्यांचा दुष्काळ नसतो. गावात सगळ्यांचा एकच: उंच पोरगी रिंगखाली उभी कर आणि बॉल तिला दे. आमच्याकडचे क्रीडाशिक्षक कबड्डी, खो-खोमध्ये पक्के असतात. बास्केटबॉल आला की मात्र सगळी अक्कल उंचीवर येऊन थांबते. हा सल्ला एका स्पर्धेपुरता चालतो. पण तेराव्या वर्षी वर्गात सगळ्यात उंच असलेली मुलगी सतराव्या वर्षी सगळ्यात उंच असेलच असं नाही. तिची वाढ थांबते, बाकीच्या तिला गाठतात, आणि तोवर तिला ड्रिबल येत नसतं, पास दिसत नसतो, रिंगपासून तीन पावलं लांब गेली की ती हरवते. उरलेल्या चौघी डिलिव्हरी करणाऱ्या. पार्सल पोहोचवलं, काम संपलं.

आणि पोरींचा स्वतःचा सल्ला रील्समधून आलेला असतो: स्टेफन करी. लांबून टाक. याचं गणित मी त्यांना खडूने सिमेंटवरच करून दाखवलं. समजा लांबून दहा टाकले आणि दोन गेले, तर गुण सहा. जवळून दहा लेअप मारले आणि पाच गेले, तर गुण दहा. फिबाची तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे आणि रिंग ३.०५ मीटर उंच. चौदा वर्षांची मुलगी तिथून टाकते तेव्हा कमरेपासून दोन्ही हातांनी फेकते, आणि ती सवय पुढे कितीही खरवडली तरी जात नाही. करीच्या शॉटमागे त्याचे वडील आहेत, तेही एनबीए खेळलेले, आणि हजारो तासांचा सराव आहे. रीलमध्ये फक्त शॉट दिसतो.

मग मला आठवला प्रिन्स्टनचा सामना. १४ मार्च १९९६, अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा. समोर यूसीएलए, आदल्या वर्षीचे विजेते. प्रिन्स्टनची पोरं त्यांच्यापुढे उडी, वेग, ताकद सगळ्यात कमी. कोच पीट कॅरिल. त्यांनी रणदिवेंच्या नेमकं उलट केलं. प्रेस नाही, पळापळ नाही. तेव्हा तिथे एका चालीसाठी ३५ सेकंद मिळत, आणि ते जवळजवळ सगळे वापरत. पास, पास, पास, आणि बचावपटूची नजर बॉलकडे वळली की त्याच्या पाठीमागून रिंगकडे पळायचं. शेवटचा निर्णायक बास्केट असाच झाला: उंच सेंटर स्टीव्ह गुडरिचने पास दिला, गेब लेवुलिसने पाठीमागून जाऊन लेअप मारला. ४३-४१.

दोन्ही दुबळे संघ, दोन्ही बलवानांपुढे उभे, आणि उपाय एकमेकांच्या अगदी विरुद्ध. 'दुबळ्याने असं खेळावं' असा काही फॉर्म्युला असता तर या दोघांपैकी एक जण हरायला हवा होता. पण एका बाबतीत ते सारखे नाहीत, आणि माझ्या दृष्टीने सगळं भांडण तिथेच आहे. प्रेसमध्ये बॉल कोणाला मिळेल हे नशिबावर असतं, बहुधा सगळ्यात चपळ दोघींना. प्रिन्स्टनच्या खेळात पाचही जणांच्या हातातून गेल्याशिवाय काही होतच नाही. कोच आक्रमण निवडतो तेव्हा तो कागदावर बाण काढत नसतो. बॉल कोणाच्या हातात येणार आणि कोण महिनोन्‌महिने नुसतं पळणार, हे तो ठरवत असतो. शाळेच्या संघात याचा अर्थ कोण पुढच्या वर्षी येणार आणि कोण नाही.

मी प्रिन्स्टनही जसंच्या तसं आणलं नाही. एकदा हात पोळले होते. या वेळी आधी बघितलं की या पोरींना काय येतं. उत्तर समोरच होतं, बाजूच्या मातीच्या मैदानावर. यातल्या बहुतेक जणी तिसरी-चौथीपासून खो-खो खेळलेल्या.

खो-खोत पाठलाग करणारी एकटीने कितीही पळाली तरी तिला मागे वळता येत नाही आणि मधली रेषा ओलांडता येत नाही. अडली की खो द्यावाच लागतो, आणि कधी द्यायचा हीच सगळी कला. बसलेल्या आठही जणी उठायला तयार हव्यात. ज्या पोरीला हे अंगात मुरलेलं आहे तिला पासिंग गेम वेगळा शिकवावा लागत नाही, फक्त नाव बदलावं लागतं. मी तेही बदललं नाही. आमचे नियम असे: पाचही जणी बाहेर, कमानीवर. बॉल हातात आला की दोन मोजेपर्यंत ठेवायचा, मग खो. खो दिलास की बसायचं नाही (पहिल्या दिवशी एक जण खरंच बसली), रिंगकडे पळायचं. तुझ्यावरची पोरगी बॉलकडे बघत असेल तर तिच्या पाठीमागून. मिळाला तर लेअप, नाही तर पलीकडच्या कोपऱ्यात निघून जा, बाकीच्या एकेक घर सरकतील. आमच्या सामन्यांना २४ सेकंदांचा शॉट क्लॉक नसतोच, त्यामुळे घाईही नाही. आणि तसं पाहिलं तर जेम्स नेस्मिथने १८९१मध्ये हा खेळ काढला तेव्हा मूळ तेरा नियमांत बॉल घेऊन पळायला बंदीच होती. ड्रिबल नंतर आलं, पास पहिल्यापासून आहे.

यावर मला जे ऐकवलं जातं त्यातला एकच मुद्दा मला खरोखर अडवतो. जिंकणं इथे हौस नाही. खेळाचे ग्रेस गुण दहावी-बारावीला मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि कपाशी-सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्या बापाला पोरीच्या बॅकडोअर कटचं काय कौतुक? त्याला सर्टिफिकेट हवं. ते त्याने मागावंच. पण प्रेसने मला दोन सामने दिले आणि तिसऱ्यात उघडं पाडलं. वरच्या पातळीवर प्रत्येक संघात डोक्यावरून पास फेकणारी एक तरी असतेच. आरक्षणापर्यंत जी पोहोचेल ती चार गोष्टी येणारी असेल, नुसती झडप घालणारी नाही. प्रेस मी टाकून दिलेला नाही, शेवटची चार मिनिटं उरली की आजही लावते. पण जेवणात लोणचं असावं, लोणच्याचं जेवण करू नये.

हेही सांगते की यंदा आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. स्कोअरशीटवर नऊ जणींच्या नावापुढे गुण होते, मागच्या वर्षी तिघींच्या होते. हे मी शाळेत कौतुकाने दाखवलं. "मॅडम, हरलो ना पण," एवढंच उत्तर आलं. रणदिवेंचा फॉरवर्ड त्यांनीच मला पुन्हा पाठवला, त्याच संध्याकाळी.

म्हणून त्या गोष्टीचा पुढचा भाग, जो कोणी फॉरवर्ड करत नाही. २०१३मध्ये रणदिवे एनबीएतल्या सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रमुख मालक झाले. पुढच्याच हंगामात, डिसेंबर २०१४मध्ये, कोच मायकल मलोनला काढलं. चार जणांनी बचाव करायचा आणि पाचव्याने पुढेच थांबायचं, असा प्रयोग रणदिवेंनी सुचवल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या होत्या. त्यांच्या मालकीच्या पहिल्या नऊ हंगामांत संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही. आधीचे धरून सोळा हंगामांचा तो दुष्काळ २०२२-२३मध्ये संपला, माइक ब्राउन कोच असताना. आणि कशाने संपला? दोमान्तास सबोनिस नावाच्या धिप्पाड सेंटरने. त्याला रिंगखाली नुसतं उभं केलं नव्हतं. तो वर, फ्री थ्रो रेषेच्या आसपास बॉल घेऊन थांबायचा, बाकीचे त्याच्या भोवती पळायचे, आणि तो हातात द्यायचा किंवा पाठीमागून पळणाऱ्याला पास टाकायचा. त्या हंगामात लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड त्याचे, सामन्याला सरासरी १२.३, आणि शिवाय ७.३ असिस्ट. संघाचे गुण लीगमध्ये सर्वाधिक. पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून सात सामन्यांत हरले, ते वेगळं.

आमची उंच पोरगी आता वर उभी राहते. बॉल सोडायला ती दोनऐवजी चार मोजते, मग तो हिसकावला जातो, आणि कठड्यावर बसलेली पोरं ओरडतात. एसटीतली मुलगी अजून परत आलेली नाही. तिची धाकटी बहीण सातवीत आहे, ती येते. तिला ड्रिबल करता येत नाही. खो मात्र नेमका देते.