बोटं बधिर झाली की ब्रेक लागत नाही

थंडीत निफाडचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, मण्यांची काळजी सगळ्यांनाच. पण पहाटे मोटारसायकलला कॅन अडकवून डेअरी गाठणाऱ्या दूधवाल्याच्या हातांचं काय? १० अंशांच्या थंडीत गाडी ताशी ५० किलोमीटरने पळाली, की वारा ५-६ अंशांसारखा झोंबतो. बोटं बधिर होतात, ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. पुढे उसाची ट्रॉली उभी असली, तर संपलंच!

उपाय महाग नाहीत. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा शिरतो. त्यावर रेक्झिनचे सैल मोजे चढवावेत. मुठींना वारा अडवणारी कव्हरं बसवावीत. छाती गारठली की शरीर बोटांचं रक्त आखडून घेतं, म्हणून छातीही झाकावी. बधिर हात सायलेन्सरवर शेकू नयेत, चटका कळत नाही. गाडी थांबवून काखेत धरावेत.

आणि डेअरीवाल्यांनीही डिसेंबर-जानेवारीत संकलनाची वेळ अर्धा तास पुढे ढकलावी. थंडीत तेवढ्यानं दूध नासत नाही. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.