चेंडूचा वेग आणि मुलींचे वय

शाळेच्या चौदा वर्षांखालील मुलींच्या सॉफ्टबॉल चमूत पिचरची निवड कशी करावी, याविषयी पालकांत आणि विश्वस्त मंडळात सध्या चर्चा चालू आहे. एका पालकांनी शाळेला चेंडूचा वेग मोजणारी स्पीड गन भेट देऊ केली आहे. जिचा वेग ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरेल तिला पिचर म्हणून घेऊ नये, अशी सूचनाही त्यांनी केली आहे. भेटीबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आकडा समोर असला की वशिल्याला जागा राहत नाही, हे त्यांचे म्हणणेही रास्त आहे. परंतु या वयात वेगाच्या आकड्यावर निवड करणे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आम्ही येथे कारणांसह मांडत आहोत.

आपले इंदूर सी. के. नायडूंचे, होळकर संघाचे शहर. येथे चेंडू टाकणे म्हणजे हात डोक्यावरून आणणे, हेच लहानपणापासून डोळ्यांत बसलेले असते. सॉफ्टबॉलचा पिचर मात्र चेंडू खालून फेकतो. हात खांद्यापासून पूर्ण गोल फिरतो आणि मांडीजवळून चेंडू सुटतो. देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांची पाती फिरताना आपण पाहतो, तसाच तो फिरतो. म्हणून या पद्धतीला विंडमिल म्हणतात. चेंडूचा घेर १२ इंच आणि वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तो बराच जड असतो. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर आणि होम प्लेट यांच्यात ४३ फूट अंतर असते. अमेरिकेत दहा वर्षांखालील मुलींसाठी ते ३५ फूट आणि बारा वर्षांखालील मुलींसाठी ४० फूट ठेवतात. लहान मुलींचा चेंडूही ११ इंच घेराचा असतो. वयाप्रमाणे अंतर आणि चेंडू बदलावा लागतो, हे खेळाच्या नियमांनीच मान्य केलेले आहे.

आता वेगाकडे वळू. हा खेळ अमेरिकेत घरोघरी खेळला जातो. तेथील प्रशिक्षक ढोबळ अंदाज असा सांगतात: दहा वर्षांखालील मुलीचा वेग ताशी ५६ ते ७२ किलोमीटर, बारा वर्षांखालील मुलीचा ७२ ते ८४, चौदा वर्षांखालील मुलीचा ८० ते ९३ आणि अठरा वर्षांखालील मुलीचा ९३ ते १०५. जगातल्या मोजक्या पिचर याच्या पुष्कळ पुढे जातात. अमेरिकेच्या मोनिका ॲबट हिने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला. तो विक्रम २०२५ पर्यंत टिकला. त्या वर्षी टेनेसी विद्यापीठाच्या कार्लिन पिकन्स हिने ७८ मैलांचा टप्पा ओलांडला.

या आकड्यांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, दहा ते चौदा या चार वर्षांत वेग जितका वाढतो, तितका त्यापुढच्या चार वर्षांत वाढत नाही. दुसरी, एकाच वयोगटातल्या दोन मुलींत दहा-पंधरा किलोमीटरचा फरक असणे अगदी सामान्य आहे. दोन्हींचे मोठे कारण शरीराची वाढ हेच आहे. हात जितका लांब, तितके त्याच्या गोल फिरण्यात टोकाला असलेल्या चेंडूला अधिक अंतर कापावे लागते आणि तितका चेंडूचा वेग अधिक. उंची वाढली की पाऊल लांब पडते. स्नायू भरले की पाय, कंबर आणि पाठ यांचा जोर चेंडूपर्यंत पोहोचतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास वाढते, मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. परंतु हे झाले सरासरीचे. एक मुलगी दहाव्या वर्षीच उंच होते, दुसरी तेराव्या वर्षापर्यंत थांबते. सातवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. दोघीही अगदी निरोगी असतात.

त्यात भर जन्मतारखेची. वयोगट ठरवताना एक तारीख धरावीच लागते. त्या तारखेनंतर लगेच जन्मलेली मुलगी आपल्या गटात जवळजवळ वर्षाने मोठी असते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८० च्या दशकात आइस हॉकीच्या निवडक खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले त्यांत फार अधिक निघाले. लहानपणी जे थोडे मोठे होते तेच निवडले गेले. त्यांनाच चांगले प्रशिक्षण मिळाले आणि तेच पुढे गेले. बाकीचे मागे पडले, ते गुण कमी होते म्हणून नव्हे. बारा वर्षांच्या मुलींसमोर स्पीड गन धरून आम्ही निवड केली, तर तेच करू. शिवाय वेग हीच कसोटी ठरली की जन्मदाखल्यावर वय कमी दाखवण्याचा मोह होतो. आपल्या देशातील शालेय खेळांना हा रोग नवा नाही. शाळेने त्याला आणखी खतपाणी का घालावे?

दुसरे कारण याहून गंभीर आहे. खालून फेकणे नैसर्गिक आहे, त्याने हात दुखत नाही, असा सर्वत्र समज आहे. तो खरा नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या पिचरांच्या अभ्यासात, चेंडू फेकताना खांद्यावर येणारी खेच त्यांच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के आढळली. बेसबॉलमध्ये डोक्यावरून फेकणाऱ्या पिचरच्या खांद्यावरही जवळपास एवढाच भार येतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी कोवळी कूर्चा असते आणि हाड तेथूनच वाढते. खांद्याजवळची ही जागा मुलींमध्ये चौदा ते सतरा वर्षांच्या दरम्यान पक्की होते. त्याआधी आकडा वाढवण्यासाठी रोज जीव तोडून फेकायला लावणे म्हणजे उद्याचे धान्य आज दळून खाणे होय.

अमेरिकेच्या लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या बेसबॉल पिचरला दिवसाला ८५ पेक्षा अधिक चेंडू टाकू देत नाहीत. सॉफ्टबॉलमध्ये अशी चेंडूंची मोजणी अनेक ठिकाणी होतच नाही. आमच्या संभागीय स्पर्धांत एका दिवशी दोन-दोन सामने होतात आणि बहुतेक शाळांची एकच मुलगी सगळे चेंडू टाकते. जपानच्या युकिको उएनो हिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. हा पराक्रम आम्ही मुलींना जरूर सांगतो. पण उएनो तेव्हा २६ वर्षांची होती, हेही त्याच वाक्यात सांगतो.

तीच उएनो २०२१ मध्ये टोकियोच्या अंतिम सामन्यात पुन्हा सुवर्णपदकासाठी खेळली आणि जिंकली, तेव्हा ती ३९ वर्षांची होती. समोर अमेरिकेच्या संघात ३८ वर्षांची कॅट ऑस्टरमन होती. तिची ख्याती वेगासाठी कधीच नव्हती. बॅटरजवळ येऊन अचानक खाली जाणारा चेंडू हे तिचे हत्यार होते. शरीराची वाढ थांबल्यावरही वीस-पंचवीस वर्षे पिचर शिकत राहू शकते, हे या दोघींनी दाखवून दिले आहे.

वेगाला महत्त्वच नाही, असे आम्ही म्हणत नाही. ताशी ९६ किलोमीटर वेगाने आलेल्या चेंडूला होम प्लेटपर्यंत पोहोचायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि वरच्या पातळीवर संथ चेंडू कोणी सोडत नाही. मुलींनी सुरुवातीपासून मोकळ्या हाताने, पूर्ण जोर लावून फेकायला शिकावे, असे अनेक प्रशिक्षक सांगतात, तेही आम्हांला मान्य आहे. पण जोर लावायला शिकवणे निराळे आणि जोराच्या आकड्यावरून रांग लावणे निराळे.

म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे पुढील प्रस्ताव ठेवत आहोत. स्पीड गन शाळेने आनंदाने स्वीकारावी. तिचा वापर सत्रातून एकदाच व्हावा आणि आकडा त्या मुलीच्या वहीत, तिच्या उंचीशेजारी लिहावा. तुलना तिच्या मागच्या आकड्याशीच व्हावी. फलकावर आकडे लावू नयेत. आठवीपर्यंत प्रत्येक चमूत किमान तीन पिचर तयार कराव्यात आणि तोपर्यंत वेग कमी म्हणून कोणालाही वगळू नये. सराव आणि सामना दोन्हींतले चेंडू मोजून लिहावेत. एका दिवशी ८० च्या वर कोणी टाकू नये. खांदा किंवा कोपर दुखत असल्याचे मुलीने सांगितले की खेळ शिक्षकांनी तेथेच तिला थांबवावे. सामना कोणत्याही वळणावर असला तरी.

याची किंमत आहे आणि ती आम्ही लपवत नाही. लवकर उंच झालेली एकच मुलगी सगळे सामने टाकते, अशा शाळेकडून चौदा वर्षांखालील गटात आपण कदाचित हरू. कार्यालयातल्या कपाटात यंदा ट्रॉफी येणार नाही. परंतु शाळा कपाटासाठी चालत नाही. दहावीत गेल्यावरही ज्यांचा खांदा शाबूत आहे आणि ज्यांना मैदानावर यावेसे वाटते, अशा मुलींची संख्या हाच आमच्या दृष्टीने खरा निकाल आहे.

पालकांना विनंती एवढीच की, घरी आकडा विचारू नका, आज काय शिकलीस ते विचारा. शेजारच्या मुलीशी तुलना तर नकोच. आणि मुलींनो, ज्यांचा चेंडू आज हळू जातो त्यांना आमचे सांगणे आहे: पाऊल सरळ टाका, मनगट सैल ठेवा, चेंडू हवा तेथे पडेपर्यंत सराव सोडू नका. तुमचा हात अजून वाढायचा आहे. तोवर शाळा तुमच्यासाठी थांबेल.