अर्जाआधीचे सहा महिने : रायपूरच्या महाराष्ट्र मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, पदाधिकारी आणि सभासद,
महाराष्ट्र मंडळ, रायपूर



एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. येत्या जुलैपासून आठवड्यातली एक संध्याकाळ मंडळाने आपल्या वास्तूत ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या कामासाठी राखून ठेवावी. रायपूर, अभनपूर, राजिम, धमतरी या पट्ट्यातल्या मुलामुलींना तिथे बसता यावे, आणि गूगल समर ऑफ कोड, आउटरीची, आयआयटी मुंबईची फॉसी फेलोशिप अशा उपक्रमांना अर्ज करण्याची तयारी त्यांच्याकडून कोणीतरी करून घ्यावी. मंडळच का आणि जुलैच का, ते पुढे सांगतो.

ज्या सॉफ्टवेअरचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, ते ओपन सोर्स. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही त्यातली ओळखीची नावे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही त्यातलेच. हे प्रकल्प जगभरची माणसे मिळून सांभाळतात, आणि नवी माणसे घडवण्यासाठी त्यांनी काही उपक्रम सुरू केले आहेत. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. वीस हजारांहून अधिक तरुण त्यातून गेले. पूर्वी तो फक्त विद्यार्थ्यांसाठी होता, २०२२ पासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नवशिक्याला खुला झाला. ३५० तासांच्या मोठ्या कामाला भारतातल्या उमेदवाराला अलीकडच्या वर्षांत ३,००० डॉलर मिळत आले आहेत. आउटरीची ही तीन महिन्यांची घरबसल्या इंटर्नशिप आहे. तिचे मानधन ७,००० डॉलर आहे, आणि तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना आजवर जागा मिळाली नाही त्यांच्यासाठीच ती आखलेली आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प केंद्र सरकारच्या माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून उभा राहिला. त्याच्या फेलोशिपसाठी शाखा आणि गुणपत्रिका यांपेक्षा नेमून दिलेले काम करून दाखवणे महत्त्वाचे असते. मानधन तिथेही आहे.

या तिन्ही ठिकाणी अर्जाला एक पैसाही लागत नाही. कॉलेजचे नाव मोठे असावे लागत नाही. बंगळुरूला किंवा पुण्याला राहायला जावे लागत नाही. मग आमच्या भागातली मुले तिथे का दिसत नाहीत?

अर्ज भरायची वेळ येते तोवर निवड बरीचशी ठरून गेलेली असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. समर ऑफ कोडमध्ये भाग घेणाऱ्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस येते आणि प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्ये द्यायचे असतात. ज्याला उपक्रमाचे नावच मार्चमध्ये कळते, तो आठ दिवसांत एक प्रस्ताव लिहितो आणि पाठवून देतो. दुसऱ्या बाजूला मार्गदर्शकासमोर असे उमेदवार असतात, ज्यांनी आधीच्या ऑक्टोबरपासून त्या प्रकल्पात लहानलहान चुका दुरुस्त केल्या आहेत, ज्यांच्या पुल रिक्वेस्ट (म्हणजे प्रकल्पाकडे पाठवलेले बदल) तपासून स्वीकारल्या गेल्या आहेत, आणि ज्यांची प्रश्न विचारण्याची पद्धत मार्गदर्शकाला ठाऊक झाली आहे. आउटरीचीने तर हे नियमातच घातले आहे. पहिली चाळणी पार केलेल्या उमेदवाराने साधारण महिनाभर प्रकल्पात प्रत्यक्ष काम करायचे आणि त्यावरून निवड व्हायची. फॉसीचे चाचणीकामही त्याच जातीचे आहे. म्हणून मी सहा महिने आधीची गोष्ट करतो आहे.

या सहा महिन्यांत शिकायचे तरी काय? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट वापरायला शिकायचे. दुसऱ्याने लिहिलेला हजारो ओळींचा कोड आपल्या संगणकावर चालवून पाहायचा. पहिल्यांदा हे करताना दोन-चार दिवस सहज जातात, आणि एकटा मुलगा बहुतेक वेळा इथेच सोडून देतो. मग ‘गुड फर्स्ट इश्यू’ असा शिक्का मारलेले एखादे सोपे काम उचलायचे. अडले तर ‘चालत नाही, मदत करा’ एवढेच न लिहिता, काय करून पाहिले, पडद्यावर नेमकी कोणती चूक आली, आपला अंदाज काय, हे मांडायचे. तपासणाऱ्याने दहा दुरुस्त्या सुचवल्या तर त्या निमूट आणि नीट करायच्या. प्रस्ताव लिहिताना अडचण कोणती, ती कशी सोडवणार, कोणत्या आठवड्यात काय पूर्ण होईल, परीक्षेमुळे कोणते दिवस जातील, हे स्पष्ट लिहायचे. परीक्षा लपवणाऱ्यापेक्षा तिच्या तारखा देणारा उमेदवार मार्गदर्शकाला भरवशाचा वाटतो.

यातली एकही गोष्ट फार अवघड नाही. पण ती सांगायला शेजारी माणूस लागतो. मोठ्या संस्थांत हा माणूस वसतिगृहातच भेटतो, वरच्या वर्गातली मुले खालच्यांना सांगतात. आमच्या अभनपूरपासून नवा रायपूर जवळ आहे. तिथे २०१५ पासून ट्रिपल आयटी आहे. ३० मार्च २०२५ पासून रायपूर-अभनपूर मेमू ब्रॉडगेजवर धावू लागली, तीही नवा रायपूरवरूनच येते. अंतर असे कमी झाले. पण साध्या महाविद्यालयात बीसीए किंवा बीएस्सी करणाऱ्या, पॉलिटेक्निकमधल्या मुलाला तो शेजारचा माणूस अजून मिळालेला नाही.

हाक मारणाऱ्याने किती फरक पडतो याचे एक उदाहरण या क्षेत्रातच आहे. २००६ मध्ये ग्नोम या प्रकल्पाकडे समर ऑफ कोडसाठी १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्री नव्हती. ग्नोमच्या लोकांनी ‘बायकांना रस नसतो’ म्हणून विषय मिटवला नाही. त्यांनी त्याच उन्हाळ्यात फक्त स्त्रियांसाठी वेगळा उपक्रम जाहीर केला, आणि शंभरएक अर्ज आले. काम करू शकणाऱ्या स्त्रिया आधीही होत्याच. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्या छोट्या उपक्रमातून आजची आउटरीची उभी राहिली. अभनपूरच्या मुलामुलींबद्दल माझे म्हणणे नेमके हेच आहे.

आता मंडळच का? मंडळ १९३५ पासून या शहरात उभे आहे. आपण शाळा चालवता, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह चालवता. गावाकडच्या आईवडिलांचा आपल्या नावावर विश्वास आहे. मुलगी संध्याकाळी दोन तास ‘कोणत्या तरी क्लासला’ जाते म्हटले तर घरचे कां-कूं करतील, पण मंडळात जाते म्हटले तर पाठवतील. शिवाय आपल्या कुटुंबांतली किती तरी मुले आज पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत आहेत. महिन्यातून एकदा तासभर पडद्यावर येऊन एखाद्या मुलाचा कोड तपासून देणे त्यांना जड जाऊ नये. भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंतेही आपल्यात आहेत. त्यांना नवी भाषा येत नसेल, पण काम वेळेवर आणि नीट पूर्ण करून कसे घ्यायचे हे त्यांच्याइतके कोणाला येते?

आणि कामाचा पहिला धडा आपल्या भाषेतच आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, मीडियाविकी यांच्या पडद्यावरचा मजकूर मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवक करतात आणि ते कधीच संपत नाही, कारण प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात. ज्याला प्रोग्रॅमिंग अजून येत नाही, त्यालाही इथून सुरुवात करता येते. प्रकल्प कसा चालतो, बदल कसा पाठवायचा, तपासणी कशी होते, हे सगळे त्यातून कळते. देवनागरी अक्षरांचे प्रश्न तर आपल्यालाच दिसतात. मराठीतला ‘श’ आणि ‘ल’ हिंदीतल्या छापील वळणापेक्षा वेगळा असतो, आणि ‘वाऱ्यावर’ मधला र वेगळ्या रीतीने साठवावा लागतो. मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळले नाही तर पडद्यावर चुकीचे वळण उमटते. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्ता हा टंक किंवा रेड हॅटने खुला केलेला लोहित टंक घेऊन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ही अक्षरे तपासणे आणि चूक सापडली तर नीट नोंदवणे, हे कोणत्याही नवशिक्याचे उत्तम पहिले काम ठरेल. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सपासून लिब्रेऑफिसपर्यंतचे छोटे धडे मराठीत उपलब्ध आहेत, त्यामुळे शिकण्याची सामग्री शोधत फिरण्याचीही गरज नाही.

ही संध्याकाळ केवळ मराठी मुलांसाठी असू नये, हे मी मुद्दाम सांगतो. अभनपूरचा छत्तीसगढी बोलणारा मुलगा आपल्या मुलाच्या बाकावर बसला पाहिजे. छत्तीसगढीही देवनागरीतच लिहितात, म्हणजे अक्षरांचे काम दोघांचे सामाईक आहे. पेंड्र्याहून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते. त्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. या प्रदेशात मराठी माणसाचे नाव राहिले ते अशा देण्यामुळे. तीच रीत संगणकाच्या पडद्यावर पुढे चालवता येईल.

वर्षाचे वेळापत्रक असे ठेवता येईल. जुलै-ऑगस्टमध्ये लिनक्स आणि गिट. सप्टेंबरमध्ये भाषांतर आणि मदतपुस्तिकांतल्या दुरुस्त्या. ऑक्टोबर ते डिसेंबर प्रत्येकाने एकच प्रकल्प निवडून त्यात टिकून काम करायचे. जानेवारीत मे महिन्याच्या तुकडीसाठी आउटरीचीच्या पहिल्या अर्जाकडे लक्ष ठेवायचे. त्यात आपल्या वाट्याला आलेल्या अडचणींबद्दल निबंधवजा उत्तरे लिहावी लागतात, आणि ती घाईत लिहिली की पोकळ होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये समर ऑफ कोडच्या प्रस्तावांची तयारी. आयआयटीच्या फेलोशिपच्या जाहिरातीवर वर्षभर नजर. एक नियम मुलांना आधीच सांगायला हवा : समर ऑफ कोड करून झालेल्याला आउटरीचीत प्रवेश मिळत नाही. जिला दोन्ही हवे आहे तिने क्रम विचारपूर्वक ठरवावा.

दोन धोक्यांबद्दलही मंडळाने मुलांशी स्पष्ट बोलावे. पहिला, पैसे घेऊन इंटर्नशिप विकणारे. शुल्क भरा, चार व्हिडिओ पाहा, प्रमाणपत्र घ्या, असा हा धंदा आहे, आणि हातात दुसरे काही नसल्यामुळे मुले घरच्यांकडून पैसे मागून तो कागद घेतात. जिथे शिकवण्याआधी शुल्क मागितले जाते तिथून परत फिरावे, एवढे एक वाक्य जरी मुलांच्या मनात बसले तरी पुष्कळ पैसे वाचतील. दुसरा धोका एआयकडून संपूर्ण प्रस्ताव लिहून घेण्याचा. असे प्रस्ताव प्रकल्पांकडे ढिगाने येतात आणि मार्गदर्शकांना ते ओळखता येतात. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मुले हा मार्ग धरतात. त्यांना सांगायला हवे की सरळ, छोटी, चुकतमाकत लिहिलेली पण स्वतःची वाक्ये चालतात. काम स्वतःला समजलेले नसेल तर पहिल्याच प्रश्नाला उत्तर सुचत नाही.

यातल्या बहुतेकांची पहिल्या वर्षी निवड होणार नाही, हेही आजच सांगून ठेवतो. जागा थोड्या असतात आणि उमेदवार जगभरातून येतात. निवड झाली नाही म्हणून उपक्रम फसला, असे मंडळाने समजू नये. स्वीकारली गेलेली दुरुस्ती ती करणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या नावावर कायम राहते. नोकरीच्या मुलाखतीत ती दाखवता येते, पुढच्या वर्षीच्या अर्जात लिहिता येते. पहिल्या वर्षी दहा मुलांनी मिळून वीस दुरुस्त्या जगातल्या कोणत्याही प्रकल्पात पोचवल्या, तरी मी ते वर्ष यशस्वी मानेन.

खर्च फारसा नाही. दहा-बारा लोक बसतील एवढी खोली, चांगले इंटरनेट, चार-पाच जुने संगणक (लिनक्स जुन्या यंत्रांवरही नीट चालते) आणि परतीच्या गाडीची वेळ सांभाळून ठरवलेले दोन तास. संगणक मिळवून देणे आणि पहिल्या काही महिन्यांत दर आठवड्याला येऊन मुलांबरोबर बसणे, ही जबाबदारी मी घ्यायला तयार आहे. माझ्यासारखे आणखी चारजण या पत्रानंतर पुढे येतील अशी मला आशा आहे.

पुढचे अर्ज जानेवारी ते एप्रिलदरम्यान भरायचे असतील. त्यांची तयारी जुलैत सुरू व्हायला हवी, म्हणून निर्णय जूनच्या बैठकीत व्हायला हवा. मंडळाने हा विषय त्या बैठकीसमोर ठेवावा आणि आठवड्याचा एक वार जाहीर करावा. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक मराठी अभियंत्याला, तो कोणत्याही शहरात असो, माझे सांगणे आहे : महिन्यातला एक तास रायपूरच्या या मुलांसाठी द्या, आणि तसे मंडळाला कळवा.

आपला,
अभनपूरचा एक रहिवासी