मागाच्या गावी संशोधक राहावा

उत्तर प्रदेशातून वा बिहारातून पोटासाठी आलेला, भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा आणि अनेक सोबत्यांसह एकाच खोलीत आळीपाळीने निजणारा कामगार मनोविकाराने ग्रस्त झाला, तर त्याच्यावर उपचार करणारे इस्पितळ ठाण्यात १९०१ पासून उभे आहे. परंतु तेथून औषधे घेऊन परतल्यावर त्याची देखभाल कोणी करावी, त्याला पुन्हा रात्रपाळीस उभे करावे की कापडाच्या घड्या घालण्याच्या कामास लावावे, मुलुखाला धाडावे तर तेथे त्याला सांभाळणारे कोणी आहे काय, या प्रश्नांची उत्तरे ना केसपेपरावर मिळतात, ना कोणत्या दफ्तरी.

कायद्याने आपले काम केले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १८ वे कलम हाफवे होम (इस्पितळ आणि घर यांच्या मधला निवास), आधारयुक्त निवास आणि घरी येऊन होणारे पुनर्वसन यांची तरतूद शासनावर सोपवते. आणि १९ वे कलम सांगते की, कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. मात्र ज्याचे कुटुंब शेकडो कोस दूर आहे आणि ज्याचा खरा आप्त म्हणजे शेजारच्या मागावरचा सोबती, त्याच्या बाबतीत या कलमांचा अंमल कसा करावा, हे मुंबईत बसून ठरणारे नाही. त्यासाठी चार-पाच वर्षे भिवंडीत राहणारा, उर्दू, भोजपुरी किंवा तेलुगू समजणारा पीएच.डी.चा संशोधक हवा. आणि अशा संशोधकाच्या निर्वाहाची तजवीज शासनाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभ्यासकाने असे श्रमिकांमध्ये राहणे नवे नाही; आपल्याकडील समाजकार्याचे शिक्षणच मुळी श्रमिकांच्या वस्तीत जन्मले. १९३६ साली स्थापन झालेली, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून विख्यात असलेली संस्था क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या नागपाड्यात, अशाच वस्तीत, सुरू झाली.

आता पैशाचा प्रश्न. नेट परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थाही अधिछात्रवृत्त्या देतात, परंतु रक्कम वेळेवर मिळावी म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली आहेत. आणि अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. हा शेवटचा निर्णय भिवंडीसारख्या शहरास विशेष जाचक आहे, कारण कारखान्याच्या खोलीत ज्याच्यापुढे मन मोकळे होईल असा अभ्यासक बहुधा कामगारांच्याच अल्पसंख्याक मोहल्ल्यातून यावयाचा असतो, आणि मागावर राबणाऱ्याच्या मुलाला वा मुलीला घरच्या पैशावर पाच वर्षे अध्ययन करणे केवळ अशक्य असते. म्हणून राज्याच्या आरोग्य आणि सामाजिक न्याय या दोन्ही खात्यांनी मिळून मनोरुग्णांच्या सामाजिक देखभालीवर स्वतंत्र अधिछात्रवृत्ती काढावी, ती दरमहा नियमित द्यावी, प्रवासखर्च निराळा द्यावा, आणि संशोधकास ठाण्याच्या मनोरुग्णालयाशी संलग्न करावे.

एक अट मात्र कसोशीने पाळली पाहिजे. आजार उघड झाला की रोजी जाते, ही कामगाराची भीती खरी आहे. मुकादमाच्या वा शेठच्या कानी एक शब्द गेला, तरी मुलुखात त्या पगारावर पेटलेली चूल विझते. यास्तव रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे नाव, खोली वा कारखाना कोणासही, अगदी मंजुरी देणाऱ्या खात्यासही, कळविण्याचे बंधन संशोधकावर असू नये, हे अधिछात्रवृत्तीच्या मूळ शासननिर्णयातच नमूद असावे.