संध्याकाळी पाच ते नऊ, मुलांसोबत कोण असतं?

वसईतल्या सांडोरमधल्या बऱ्याच घरांत आता आई-वडील दोघंही मुंबईला नोकरीला जातात. सकाळी सात-साडेसातची लोकल पकडायची, संध्याकाळी अंधेरी, दादर नाहीतर चर्चगेटहून निघायचं, आणि वसई रोडला उतरून रिक्षाच्या रांगेत उभं राहून घर गाठेपर्यंत साडेआठ-नऊ व्हायचे. तोवर शाळा सुटलेलं चौदा-पंधरा वर्षांचं मूल एकतर क्लासमध्ये असतं, नाहीतर एकटं. खिशात पैसे असतात आणि हातात मोबाइल. या चार तासांत ते काय खातं, काय पितं, किती वेळ बसून राहतं, यातूनच त्याच्या सवयी घडतात. आपण मात्र ‘याला घरचं आवडतच नाही’ म्हणून त्याच्यावरच खापर फोडतो.

मी पीटीची शिक्षिका होते. निवृत्तीनंतर आमच्या आळीतल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींना संध्याकाळी मैदानावर नेते. शनिवारी आमच्या पडवीत आम्ही मिळून काहीतरी रांधतो. याला ना संस्था, ना बॅनर. मुलं मला अजूनही ‘टीचर’च म्हणतात. त्यांच्यात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. या वयात सवयी लागतात त्या सोबतीने. सप्टेंबरात पोषण माह होतो, शाळेत तक्ते लागतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते, आणि बक्षीस घेऊन बाहेर पडलेलं मूल फाटकासमोरच्या गाडीवर शेजवान राइस खातं. त्याला माहिती नसते असं नाही. पण ज्याच्यामुळे त्याने त्या वेळी दुसरं काही केलं असतं, असं कोणी त्याच्याबरोबर नसतं.

डिसेंबर आला की आपल्याकडे उत्साहाला तोटा नसतो. वसई-विरारची महापौर मॅरेथॉन २०११ पासून आहे, चिमाजी आप्पा मैदानावरचा कला-क्रीडा महोत्सव तर त्याहूनही जुना. या दोन्हींनी तालुक्याला खेळाडू दिले आणि मला त्यांचं मोल आहे. पण टी-शर्ट आणि पदक मिळालं की बहुतेक मुलं जानेवारीत पुन्हा खुर्चीत जाऊन बसतात. वाढत्या वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे ‘रोज’ या शब्दाला महत्त्व आहे, आणि रोज कोणाला तरी मैदानावर हजर राहावं लागतं.

एका शनिवारी मी मुलांना सांगितलं, दुकानातून नेहमी आणता ती कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणा, आणि स्वयंपाकघरातला साखरेचा डबाही. मागचं लेबल एका मुलाने मोठ्याने वाचलं. १०० मिलिलिटरमागे साडेदहा ग्रॅमच्या वर साखर, बाटली ६०० मिलिलिटरची. मग दुसऱ्याने चमच्याने काचेच्या पेल्यात साखर घालायला सुरुवात केली. बारा चमचे झाले तरी हिशेब पुरा होईना. मी एक अक्षरही बोलले नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २५ ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, ती मुलांनी स्वतःच मोबाइलवर शोधून काढली. त्यानंतर एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या आल्या. अगदी बारीक अक्षरांत ‘मुलांसाठी योग्य नाही’ असं छापलेलं त्यांना तिथे सापडलं. दहावीतला मुलगा चिडून म्हणाला, ‘मग आम्हाला विकतात कशाला?’ त्याचा हा राग मला शंभर तक्त्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो जास्त काळजीचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. म्हणजे दहापैकी सहा. मैदानावर हे डोळ्यांना दिसतं. दोन फेऱ्यांत धाप लागते, चेहरा पांढराफटक पडतो, ‘टीचर, मी बसते’. विचारलं तर कळतं, सकाळपासून पोटात फक्त चहा-बिस्कीट. एकीला शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायची. ती गपचूप टाकून द्यायची, कारण उपाशीपोटी घेतली की तिला मळमळायचं. जेवणानंतर घे, वर चहा पिऊ नकोस, ताटात लिंबाची फोड असू दे, एवढं तिच्याशेजारी बसून सांगणारं कोणी नव्हतं. तिच्या आईला डब्यांच्या आणि गाड्यांच्या घाईत हे कधी सुचणार? आईला बोल लावण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

मुलगे वेगळ्या वाटेने जातात. सोळाव्या वर्षी सहा महिन्यांत दंड फुगवायचे असतात, आणि जिममधला कुणीतरी प्रोटीन पावडरचा डबा हातात ठेवतो. त्यांना मी आधी विचारते, आज अंडी किती खाल्लीस, डाळ किती, झोपलास किती वाजता? या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते, हे खरं आहे. पण रात्री एकपर्यंत गेम आणि सकाळी सहाला क्लास हे गणित कोणत्याच पावडरने सुटत नाही.

आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. आमच्याकडे वजनकाटा नाही. कोणाला ‘जाड्या’ किंवा ‘काडी’ म्हणायचं नाही, लाडानेही नाही. वजनावरून टोमणे खाल्लेलं मूल खाणं सुधारत नाही, लपून खायला शिकतं किंवा जेवायचंच सोडतं. धाप कमी लागली का, झोप लागते का, वर्गात डुलक्या येतात का, यावर मी लक्ष ठेवते.

आणि खायला काय द्यायचं याची चिंता वसईकराने तरी करू नये. इथली केळी, इथल्या वाड्यांतला शेवगा, वाल, मुळा, अळू. पाचूबंदरची ताजी मांदेली आणि बोंबील. आपल्या आया-आज्या हीच भाजी टोपल्यांत भरून पहाटेच्या गाडीने मुंबईत विकायला न्यायच्या, आणि त्यांचीच नातवंडं आता पाकीट फोडून भूक भागवतात. हे बघून माझ्या जिवाला लागतं. आम्ही पडवीत उकडहंडी केली तेव्हा अर्ध्या मुलांनी कोनफळ पहिल्यांदा हातात घेतलं. सोलताना खाज सुटली, आरडाओरडा झाला, आणि हंडी मात्र तळापर्यंत पुसली गेली. तांदळाच्या भाकरीबरोबर जवळ्याची चटणी आता मुलं माझ्या मदतीशिवाय करतात. स्वतः चिरलेलं, परतलेलं पोर सहसा टाकत नाही. म्हणून प्रत्येक शाळेत आठवड्याला एक तास रांधण्याचा असावा, मुलगे-मुली दोघांनाही.

कागदावर सोय आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात किशोरांसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक आहे, आणि मुलांमधूनच सल्लागार तयार करण्याची कल्पनाही आहे. ती कल्पना अतिशय चांगली आहे, पण ती दवाखान्याच्या भिंतीत राहू नये. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो पाळला जातो का, हे पालक सभेत विचारायला हवं. गाडीवाल्याचं पोट मारून हे करू नये. त्याला उकडलेली अंडी, भाजलेलं कणीस, चणे विकायला जागा द्यावी. मुलांना भूक लागतेच.

महापालिकेने संध्याकाळी मैदानं आणि त्यांतले दिवे चालू ठेवावेत. मैदान लग्नाला भाड्याने गेलं की मुलांनी जायचं कुठे?

पण माझं मुख्य मागणं वीस-बावीस वर्षांच्या पोरांकडे आहे. माझ्यासारख्या म्हातारीचं मुलं ऐकतात, अनुकरण मात्र ती तुमचं करतात. चर्चच्या धर्मग्रामातल्या युवक मंडळांनी, गणेशोत्सव मंडळांनी, क्रिकेट क्लबांनी आठ-दहा मुलांमागे एक ताई किंवा दादा ठरवावा. आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर खेळायचं, मग बरोबर बसून काहीतरी खायचं, आणि घरी कोण एकटं आहे याची नोंद ठेवायची. रविवारच्या मिस्सानंतर किंवा मंडळाच्या बैठकीत पाच मिनिटं काढली तर नावं ठरतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी आधी आमच्या मैदानावर येऊन दोन-चार दिवस बघावं. चेंडू आणि दोरी आमच्याकडे आहे.