वजडीला वेळ द्या

आखाड सरत आला की मटणाच्या दुकानापुढे रांग लागते आणि जो तो मांडीचंच मागतो. माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या घमेल्याकडे. तिथे वजडी असते, म्हणजे बोकडाचं पोट आणि आतडी. स्वस्त, पण निगुतीनं करणाऱ्याच्याच कामाची. कढत पाण्यात बुडवायची, चुना चोळायचा, सुरीनं वरची काळपट साल खरवडायची. खालचा टर्किश टॉवेलासारखा पांढरा पोत दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. आतडी उलटी करून धुवायची, पाणी नितळ निघेपर्यंत. मग हळद-मीठ, कुकरच्या सात-आठ शिट्ट्या, भाजल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला. इथं घाई केलीत तर घरभर वास आणि ताटात रबर. (रक्तीचं तसं नाही: गोठलेलं रक्त उकडून, चुरून, कांदा-मिरचीवर परतलं की झालं.) आपल्या पाककृतींच्या जाडजूड पुस्तकांत या खाण्याला फारशी जागा मिळाली नाही, गरिबी चिकटलेली होतीच, पण खरी अडचण जातीची. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’नं २०१५ साली मराठवाड्यातल्या दलितांचं स्वयंपाकघर, मांसाच्या वाळवलेल्या चान्यांसकट, छापील मराठीत आणलं. आता हॉटेलांच्या पाट्यांवर ‘वजडी फ्राय’ झळकते, बहुतेक ठिकाणी तिखटाखाली बुडवलेली. त्यापेक्षा घरी करा. दुकानात सकाळी लवकर जा, आणि भाकरी ज्वारीचीच थापा.