चाहत्याची लक्षणे

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाने. दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांच्या कट्टर चाहत्याला या दोहोंपैकी कोणत्या समासात बसवावे, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलेला आहे. तो निव्वळ तात्त्विक नाही. आरोपी मी स्वतःच आहे.

लक्षणे ओळखायला सोपी आहेत. संध्याकाळी दादरला विरार जलद गाडीत शिरताना सामान्य प्रवासी चौथ्या सीटची आस धरतो. चाहत्याला 'स्टार ट्रेक'मधला ट्रान्सपोर्टर आठवतो. इथवर ठीक. पण अणुरेणू सुटे करून दुसरीकडे पुन्हा जोडलेला माणूस तोच की त्याची नक्कल, असा वाद तो मीरा रोडपासून नायगावपर्यंत स्वतःशीच घालतो आणि वसईला उतरायचे विसरतो. (चर्चगेटला चढलेला गृहस्थ सुमारे ६० किलोमीटरनंतर विरारला उतरतो तेव्हा तो तरी तोच असतो का, ही शंका कुणीच काढत नाही.) हे यंत्र काटकसरीतून जन्मले, दर भागात यान ग्रहावर उतरवण्याचे चित्रीकरण परवडणारे नव्हते, ही माहिती तो न विचारता पुरवतो. आणि आपल्याला वर खेचून घेण्याची स्कॉटीला केलेली ती जगप्रसिद्ध विनंती नेमक्या त्याच शब्दांत मूळ मालिकेच्या ७९ भागांत कुठेही नाही, हे समोरच्याला ऐकवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही.

येथे साहित्याच्या प्राध्यापकमंडळींना एक विचारावेसे वाटते. एखादा लाडका अभंग प्रक्षिप्त आहे असे सप्रमाण सांगणाऱ्यास आपण संहितेचा अभ्यासक म्हणतो. तेच काम स्पॉक आणि कर्क यांच्या बाबतीत करणारा मात्र वेडा ठरतो, तो का? पाठभेद, अंतर्गत विसंगती, कालक्रम यांवर रात्र रात्र भांडणारा हा वाचक आपल्या वर्गात असता तर आपण त्याला पहिल्या बाकावर बसवले असते. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. त्या नावाची आद्याक्षरे उलटी वाचायची असतात, हे सांगताना ज्याचे डोळे चमकतात तो आमच्याच पंथाचा. नारळीकरांना साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पाहायला या पंथाला २०२१ पर्यंत थांबावे लागले, यावरून मराठीत विज्ञानकथेचे पान कुठे मांडले जाते ते कळावे.

वकिली इथपर्यंत. आता फिर्याद.

या पंथाचे सर्वांत जडलेले लक्षण म्हणजे क्लिंगॉन. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने मालिकेतल्या त्या लढवय्या जमातीसाठी भाषा रचली आणि १९८५ मध्ये तिचा कोशही प्रसिद्ध केला. तिच्यात वाक्याचा क्रम आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता असा आहे. भेटल्यावर नमस्कार करण्याची पद्धत नाही. त्याऐवजी 'काय हवंय?' असे विचारतात. पुढे 'हॅम्लेट'ही तिच्यात उतरले. हे सारे मी मुखोद्गत केले, नोकरीला लागल्यावर, लोकलमध्ये, कोशाची झेरॉक्स मांडीवर ठेवून.

माझी आजी कादोडी बोलत असे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या वाड्यांमधली, सामवेदी समाजाची ही बोली. आमच्यासारखी ख्रिस्ती कुटुंबे तीच बोलत. मी तिला उत्तर शाळेतल्या मराठीत देई. घरात कुणी हरकत घेतली नाही. उलट नातू शुद्ध बोलतो याचे कौतुकच होते.

१९८० च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागे. पहिली मिस्सा उरकून आम्ही धावत घरी येत असू आणि कुणीतरी छपरावर चढून अँटेना फिरवत असे. एकदा पडद्यावर स्पॉकने हात उंचावून बोटांची ती सुप्रसिद्ध फट केली. आजी सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून पाहिले आणि विचारले, हा पाद्री आहे का? आम्ही पोट धरून हसलो. कान टोकदार असलेला, परग्रहावरचा पाद्री!

बऱ्याच वर्षांनी वाचनात आले की लेनर्ड निमॉयने ती मुद्रा लहानपणी सिनेगॉगमध्ये पाहिली होती. ज्यू पुरोहित आशीर्वाद देताना बोटे तशी धरतात. मालिका इंग्रजीत, इंग्रजी तिला येत नव्हते, आणि आमच्यापैकी कुणाला दिसले नाही ते तिला तांदूळ निवडता निवडता दिसले होते.

हा शोध तिला सांगायला ती नव्हती. तो प्रसंग मी आजवर अनेकांना सांगितला आहे. भागाचे कथानक, स्पॉकचा निळा सदरा, सुपाचा आवाज, सगळे जागच्या जागी असते. फक्त आजीचे वाक्य मी दर वेळी मराठीत सांगतो. तिने ते कोणत्या शब्दांत विचारले होते, ते मला आठवत नाही.